फळी मधेच थांबते तेव्हा

फणसाची फळी होती. दहा इंच रुंद, चार फूट लांब, चहाच्या टेबलासाठी दोन वर्षं जपून ठेवलेली. थिकनेस मशीनमध्ये अर्धी गेली आणि थांबली. कटर फिरत होता, मोटरचा आवाज चढला होता, पण मागून भुसा पडायचा बंद झाला होता. मी तळहाताने रेटा दिला. फळी चार बोटं सरकली, पुन्हा थांबली. तेवढ्यात करपल्याचा वास आला. मशीन बंद केलं, हेड वर घेतलं, फळी काढली. पिवळ्याधमक लाकडावर आडवा काळा पट्टा पडला होता आणि त्या पट्ट्यात नख अडकेल एवढा खळगा होता.

शेजारचे मिस्त्री आले, फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पात्याला धार न्हाई राहिली, साहेब." दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर त्याने फोनवरच निकाल दिला, "रोलर गेले. दोन्ही बदला." दोघेही अर्धे अर्धे बरोबर होते. ते अर्धं कुठलं, हे कळायला मला आठवडा लागला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन हेलपाटे झाले आणि घरातला मसाल्याचा जुना डबा कायमचा वर्कशॉपमध्ये आला. तो सगळा प्रकार क्रमाने सांगतो.

आधी मशीन काय करतं ते बघू. हातरंध्यात लाकूड जागेवर असतं आणि रंधा त्यावरून चालतो. थिकनेस प्लॅनरमध्ये रंधा जागेवर असतो आणि लाकूड चालतं. खाली गुळगुळीत बेड, वर पाती बसवलेला कटर ब्लॉक. बेड आणि पातं यांच्यात जेवढं अंतर, तेवढी फळीची जाडी. टेबलावर ठेवायची लहान मशीनं १९८० च्या दशकात बाजारात आली. त्याआधी थिकनेस म्हणजे बिडाचं धूड, जे एकदा बसवलं की पुन्हा हलवायचं कुणाच्या मनात येत नसे.

फळीला चालवतात ते दोन रोलर. एक कटर ब्लॉकच्या अलीकडे, एक पलीकडे. मी पहिल्याला घेणारा आणि दुसऱ्याला सोडणारा म्हणतो. पोलादी दांडा, त्यावर रबराचा किंवा रबरासारख्या युरेथेनचा जाड थर. दोन्ही रोलर हेडच्या पोटाशी असतात आणि टोकांना असलेल्या स्प्रिंगा त्यांना खाली दाबत असतात. फळी शिरली की रोलर किंचित वर उचलला जातो, स्प्रिंग दबते, आणि त्या दाबाखाली फळी बेडवर चेपलेली राहून पुढे सरकते.

कटर ब्लॉक फिरतो तो असा, की खालच्या बाजूने पाती फळीच्या चालीविरुद्ध येतात. म्हणजे कटर सतत फळीला तुमच्याकडे परत ढकलत असतो आणि रोलर तिला पलीकडे ओढत असतो. ही रस्सीखेच रोलरने जिंकायची ती फक्त दोन गोष्टींच्या बळावर: स्प्रिंगचा दाब आणि रबराची पकड. (फळीच्या बरोब्बर मागे उभं राहू नये ते यासाठीच. रोलर हरला तर फळी कुठे येणार ते ठरलेलं आहे.)

मोठ्या कारखानी मशीनला घेणारा रोलर दातेरी पोलादाचा असतो. तो लाकडात दात रोवतो, पण पातं लगेच मागून येऊन ते वळ कापून टाकतं. आपल्या टेबलावरच्या मशीनमध्ये आपण कधी कधी पाव मिलिमीटरच घेतो. तेवढ्या कापात दातांचे वळ निघणार नाहीत. सोडणारा रोलर तर तयार झालेल्या पृष्ठभागावरच चालतो. म्हणून इथे रबर. झिजणारी वस्तू मुद्दाम बसवलेली आहे, आणि ती पाच-दहा वर्षांत झिजली म्हणून मशीनला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मकिता २०१२एनबी हे आपल्याकडे बरंच वापरलं जाणारं मशीन घेऊ. माझं वेगळं आहे, पण याचे आकडे हिशोबाला सोपे आहेत. कटर मिनिटाला ८,५०० फेरे घेतो. पाती २, म्हणजे मिनिटाला १७,००० काप. फळी मिनिटाला ८.५ मीटर चालते, म्हणजे ८,५०० मिलिमीटर. भागाकार केला की प्रत्येक कापाच्या वाट्याला अर्धा मिलिमीटर लाकूड येतं. पात्याला हा घास चावायला बरा पडतो.

फळी घसरली की हा घास लहान होतो. अर्ध्याचा पाव, पावाचा शून्य. फळी पूर्ण थांबली तरी पाती मिनिटाला १७,००० वेळा त्याच जागी येत राहतात. कापायला काही नाही, मग नुसती घासतात. घासून लाकूड करपतं, आणि पात्याची धार त्याहून लवकर जाते. धार गेली की ते लाकूड कापण्याऐवजी रेटू लागतं, फळीला मागे ढकलणारा जोर वाढतो, रोलर आणखी घसरतो. घसरणारं रबर तापून वरून काचेसारखं चकचकीत होतं आणि पकड आणखी सुटते. मिस्त्री आणि दुरुस्तीवाला दोघेही अर्धे बरोबर होते ते यामुळे. रोलरने पाती खाल्ली होती आणि पात्यांनी रोलर.

म्हणून रोलर मागवण्याआधी एक दिवस तपासाला द्या. रोलर हा सगळ्यांत महागडा आणि काढायला सगळ्यांत कटकटीचा संशयित आहे, त्याला शेवटी पकडावा.

पहिला संशय बेडवर. बेड कोरडा, खरखरीत, गंजाचे ठिपके पडलेला असेल तर खालूनच फळी अडते. पावसाळ्यानंतर आमच्याकडे हे हमखास. बारीक स्टील वुलने गंज काढा, पुसा, वर मेण घासा. फर्निचरचं मेण उत्तम, नाहीतर घरातली साधी मेणबत्ती घासून फडक्याने चोळली तरी फरक पडतो. सिलिकॉनचा स्प्रे मात्र नको. तो लाकडाला लागतो आणि नंतर पॉलिश करताना माशाच्या डोळ्यांसारखे गोल गोल डाग उठतात. मेण बेडला, रोलरला नाही, हे सांगायची गरज नसावी. पण एका हौशी मित्राने दोन्हीला लावलं होतं, म्हणून सांगतो.

दुसरा संशय कापावर. रुंद फळीला एका वेळी दोन मिलिमीटर मागायचे नाहीत. अर्ध्यावर या आणि बघा. तिसरा पात्यांवर. प्लग काढून टॉर्च पात्याच्या धारेवर मारा. धार असलेली कड दिसत नाही, बोथट कड पांढऱ्या रेघेसारखी चमकते. चौथा संशय घाणीवर. पॅकिंगच्या खोक्यांचं पाईन रंधणाऱ्यांनी इकडे नीट लक्ष द्यावं. त्यातली राळ रोलरवर बसते, तिच्यावर भुसा बसतो, आणि रबर असूनही फळीला लागतो तो राळेचा कडक पापुद्रा. साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं, आणि त्याने नाही गेलं तर फडक्यावर थोडं स्पिरिट. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल अजिबात नको; रबर फुगतं किंवा चिघळतं. चकचकीत झालेल्या रबरावर ८० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला तर पकड काही महिने परत येते. अनेकांचं काम इथेच भागतं आणि त्यांनी इथेच थांबावं.

एवढं करूनही फळी थांबत असेल, तर ती कुठे थांबते ते बघा. तोंडाशीच धरत नसेल, धक्का दिल्याशिवाय आत जात नसेल, तर दोष घेणाऱ्या रोलरकडे. नीट जाते, पण शेपूट घेणाऱ्या रोलरमधून सुटल्यावर शेवटच्या वितीला अडते, तर सोडणाऱ्याकडे. अरुंद पट्टी डाव्या कडेने जाते, उजव्या कडेने जाते आणि मधोमध अडते, तर रबर मध्ये झिजलंय. आपण सगळेच फळी मधोमध घालतो, त्याचा हा परिणाम. शेवटची एक चाचणी राहते. प्लग काढून घेणाऱ्या रोलरवर खडूने एक आडवी रेघ ओढा. मग मशीन चालू करून, बाजूला उभं राहून, फळी आत घाला. फळी थांबली आणि रेघ फिरत राहिली, तर पकड गेली. रेघही थांबली, तर रोलर निर्दोष आहे. साखळी, गिअर किंवा दांड्यातली पिन बघा.

माझी रेघ फिरत होती. सरळ पट्टी रोलरला लावली तर मधोमध उजेड दिसला. व्हर्नियरने मोजलं. कडेला व्यास ३६ मिलिमीटर, मध्ये ३३.८. डमरू नव्हे, पण डमरू व्हायच्या वाटेवर. नख रुतवलं तर रुतलं नाही. जिवंत रबरात नख थोडं जातं आणि खूण भरून येते. हे सायकलच्या वीस वर्षं जुन्या ब्रेकच्या ठोकळ्यासारखं झालं होतं.

व्यासात २.२ मिलिमीटर म्हणजे एका अंगाला १.१. एवढ्याने काय होतंय, असं वाटतं. पण सोडणाऱ्या रोलरची गोष्ट बघा. त्याच्याखालून जाणारी फळी नुकतीच कापलेली असते, म्हणजे तिचा माथा बरोबर पात्याच्या पातळीवर असतो. रोलर त्या पातळीच्या जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर खाली लोंबत असतो. फळी त्याला तेवढंच उचलते आणि तेवढाच दाब मिळतो. आता रबर १.१ मिलिमीटर झिजलं, तर रोलर फळीला टेकतच नाही. स्प्रिंग कितीही दणकट असो, ती खालच्या अटकावावर दाब देत बसते. घेणाऱ्या रोलरखाली फळी अजून जाड असते, म्हणून त्याचं थोडे दिवस निभतं.

झिजेचा दुसरा परिणाम म्हणजे फळी वाकडी चालते. दांडा एकच, फेरे एकच, पण जाड भागाचा घेर जास्त, म्हणून तो भाग फळीला जास्त वेगाने ओढतो. ३६ आणि ३३.८ मध्ये सहा टक्के फरक पडतो. फळीची एक कड कडेच्या जाड रबरावर आणि दुसरी मधल्या झिजलेल्या भागावर असेल, तर ती तिरकी होत जाते. दोन्ही रोलर एकदम बदलावेत तेही यामुळेच. बहुतेक मशीनांत ते एकाच साखळीवर, एकाच फेऱ्यांनी फिरतात. एक नवा जाड आणि एक जुना बारीक ठेवला तर दोघे आयुष्यभर भांडणार, आणि त्या भांडणात नवं रबर झिजणार.

आता उघडायला बसू. प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग डोळ्यांसमोर राहील असा टेबलावर ठेवा, म्हणजे घरातलं कुणी "हा का काढून ठेवलाय" म्हणून परत लावणार नाही. मग पाती काढा. बरेच जण हे टाळतात, दोन स्क्रूंचा कंटाळा करतात, आणि रोलर ओढताना निसटलेला हात थेट धारेवर जातो. पाती काढायची नसतील तर निदान जाड पुठ्ठा दुमडून चिकटपट्टीने कटर ब्लॉकवर बांधा. मी काढली, तशीही धारेला द्यायची होती.

हेड पूर्ण वर घ्या. मशीन तीस-चाळीस किलोपर्यंतचं असतं, आडवं करायला दोन माणसं हवीत. खाली जुनी सतरंजी अंथरा. कुठल्या कुशीवर झोपवायचं? साखळी-गिअरची बाजू वर राहील अशा कुशीवर. काम तिकडेच आहे. काही मॉडेलांत न झोपवता, नुसती बाजूची झाकणं काढून रोलर आडवा ओढता येतो. मशीनच्या पुस्तिकेत सुट्या भागांचं चित्र असतं, ते आधी पंधरा मिनिटं बघत बसा. त्यातला रोलरचा क्रमांकही टिपून ठेवा, कारण घेणारा आणि सोडणारा दिसायला जुळे असले तरी अनेकदा एकाच्या दांड्याचं टोक वेगळं असतं.

मसाल्याचा डबा इथे आला. त्याच्या सात वाट्या. पहिलीत वरच्या झाकणाचे स्क्रू, दुसरीत बाजूच्या झाकणाचे, तिसरीत साखळीचा ताण देणाऱ्या कप्पीचे, अशा उघडण्याच्या क्रमाने. जोडताना उलटं यायचं. एक स्क्रू दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर लांब असतो आणि चुकीच्या भोकात गेला की आतल्या गिअरला जाऊन टेकतो. हे माझं एकदा झालेलं आहे, दुसऱ्या मशीनवर. प्रत्येक झाकण काढल्यावर मोबाईलवर एक फोटो. घाईत एक फोटो राहतो आणि नेमका तोच नंतर हवा असतो.

बाजूचं झाकण निघालं तेव्हा आत ग्रीस आणि भुसा मिळून थापलेल्या शेणीसारखा थर होता, वाळलेला, भेगा पडलेला. लाकडी कामट्याने तो खरवडला, मग ब्रशने झाडला. हवेचा फवारा मारला तर हाच भुसा बेअरिंगमध्ये घुसतो, म्हणून मी मारत नाही. खाली साखळी दिसली. मोटर पट्ट्याने कटर ब्लॉक फिरवते, कटर ब्लॉकच्या दुसऱ्या टोकाकडून गिअरची रांग वेग उतरवत उतरवत आणते, आणि शेवटी साखळी दोन्ही रोलरना फिरवते. ३६ मिलिमीटर व्यासाचा रोलर मिनिटाला ८.५ मीटर फळी चालवायला सुमारे ७५ फेरे घेईल. कटरचे ८,५००, रोलरचे ७५. ही एवढी मोठी उतरंड त्या चार-पाच गिअरांच्या जिवावर असते. त्यांचे दात बघून घ्या, पण गिअरची पेटी उगाच उघडू नका.

साखळी काढण्याआधी तिच्या एका कडीवर आणि समोरच्या चक्राच्या दातावर रंगाचा ठिपका द्या. तो लागतोच असं नाही, पण जोडताना साखळी कोणत्या वाटेने जात होती हे त्यावरून कळतं. ताणाची कप्पी सैल केली की साखळी उतरते. रोलरच्या टोकावर चक्र असतं, ते सर्क्लिपने किंवा छोट्या बोल्टने अडकवलेलं असतं. सर्क्लिपला तिचीच पक्कड वापरा. पेचकसाने उचकटली तर ती टण्णकन उडते आणि सापडत नाही. भुशाच्या ढिगात सर्क्लिप शोधणं हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे.

मग स्प्रिंगा. रोलरची दोन्ही टोकं लहान ठोकळ्यांत बसलेली असतात, आतून पितळी किंवा प्लास्टिकचा बुश, आणि प्रत्येक ठोकळ्यावर एक स्प्रिंग. ठोकळा जागेवर धरणारी पट्टी दोन स्क्रूंवर असते. दोन्ही स्क्रू एकदम काढू नका. आलटून पालटून अर्धा अर्धा फेरा, वर फडकं धरून. स्प्रिंग शेवटच्या दोन आट्यांत जोर दाखवते. चारही स्प्रिंगा कुठून निघाल्या त्याप्रमाणे वेगळ्या ठेवा आणि टेबलावर शेजारी शेजारी उभ्या करून उंची बघा. माझ्या चारपैकी एक दीड मिलिमीटर बसकी निघाली. डाव्या-उजव्या दाबात फरक असला की रबर नवं घालूनही फळी तिरकी जाते. स्प्रिंगा रोलरबरोबरच मागवाव्यात, फार पैसे नाहीत.

रोलर हातात आला की सगळ्यांत आधी रबराकडे बघणं साहजिक आहे. मी म्हणेन, दांड्याच्या टोकाकडे बघा. बुशमध्ये जिथे फिरतो तिथे चर पडलाय का? बुशचं भोक गोल आहे की अंडाकृती? दांडा बुशमध्ये घालून हलवा. खडखड वाजला तर बुश बदला. भुरकट, किंचित खरखरीत दिसणारे पितळी बुश भुकटी दाबून केलेले असतात आणि त्यांच्या अंगातच तेल मुरलेलं असतं. त्यांना ग्रीस फासलं तर त्यांची छिद्रं बुजतात. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-चार थेंब, बस्स.

आता नवे रोलर. कंपनीचे मिळत असतील तर मिळणारा वेळ आणि किंमत बघून सरळ तेच घ्यावेत. मला मिळायला दीड महिना लागणार होता, म्हणून मी जुने दांडे घेऊन उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात राहण्याचा एक फायदा म्हणजे बीड ओतण्यापासून रबर चढवण्यापर्यंत सगळं सायकलच्या अंतरावर होतं. छपाईच्या मशीनचे, कापड कारखान्यांचे रोलर जिथे नवे करून मिळतात, तिथे हेही होतं. तुमच्या गावात छापखाने असतील तर त्यांना विचारा, ते पत्ता देतील.

तिथे रोलर देताना काय सांगायचं ते महत्त्वाचं आहे. कारागिराने मला पहिला प्रश्न विचारला, "किती शोअर पायजे?" शोअर ए हे रबराच्या कडकपणाचं माप आहे. छपाईच्या शाईचे रोलर मऊ असतात. तसं रबर इथे चढवलं तर खरखरीत फळी ते महिन्याभरात फाडून टाकेल. फार कडक घेतलं तर पकडणार नाही. गाडीच्या टायरचा जमिनीला लागणारा भाग साधारण ६० ते ७० असतो. मी ६५ सांगितलं. दुसरं, व्यास. झिजलेल्या मध्याचा न देता अगदी टोकाच्या, फळी कधीच न लागलेल्या भागाचा द्यायचा. तिसरं, दोन्ही रोलर एकाच मापाचे. चौथं मी सांगायला विसरलो होतो, त्यानेच विचारलं, "पॉलिश करू का?" नको. ग्राइंडिंगचा दगड फिरलेला खरखरीतपणा तसाच राहू द्यायचा.

काम बघायला मी तासभर थांबलो. जुनं रबर लेथवर कापून काढलं, तर खालचा पोलादी दांडा कोवळ्या कणसासारखा निघाला. वाळूचा मारा करून तो खरबरीत केला, त्यावर चिकटद्रव्याचा हात मारला, आणि कच्च्या रबराच्या पट्ट्या थरावर थर गुंडाळल्या. कच्चं रबर हाताला भिजवलेल्या कणकेसारखं लागतं. वरून कापडी फीत इतकी आवळून बांधली की तिचे वळ रबरात उमटले. तसा रोलर वाफेच्या भट्टीत जातो, तिथे रबर शिजून घट्ट होतं. मग फीत सोडून पुन्हा लेथवर, मापापर्यंत घासणं. चार दिवसांनी या म्हणाला, सहाव्या दिवशी मिळाले. हे काम घरगुती उपायांनी करणारेही आहेत: सायकलची ट्यूब ओढून चढवणं, रबरी होस कापून बसवणं. दोन फळ्या काढून द्यायच्या असतील तर चालतं. पण ट्यूबची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि जोर आला की ती दांड्यावर मोज्यासारखी फिरते.

जोडण्याआधी नवे रोलर काचेवर गडगडवून पाहिले. खाली उजेड लपलपला तर रोलर वाकडा. मापं पुन्हा घेतली. रबर स्पिरिटने पुसलं, हातालाही तेल नको. मग मसाल्याचा डबा उलट्या क्रमाने. ठोकळे, स्प्रिंगा, पट्टी, इथपर्यंत आल्यावर थांबून रोलर दोन्ही टोकांना बोटाने वर दाबून बघा. दोन्हीकडे सारखा दबला पाहिजे आणि सोडल्यावर टपकन खाली आला पाहिजे. अडकत असेल तर ठोकळ्याच्या खाचेत भुसा राहिलाय. मग चक्र, साखळी, ताण. साखळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणायची नाही. मध्ये दाबल्यावर बोटभर रुंदीच्या निम्मी हलली की पुरे. पट्ट्याची पुली हाताने फिरवली की दोन्ही रोलर सावकाश, न अडता फिरताना दिसले पाहिजेत. कटर ब्लॉक हाताने फिरवू नका, पाती काढलेली असली तरी. सवय वाईट.

पाती धार लावून आली होती, ती बसवली. पहिली फळी चांगली घालू नये. नवं काळं रबर सुरुवातीला फिकट लाकडावर हलकी करडी झाक सोडतं. घेणाऱ्याची कापली जाते, सोडणाऱ्याची राहते. मी जुन्या पाईनच्या चार फळ्या, अर्धा अर्धा मिलिमीटर, डावीकडून, उजवीकडून, मधून अशा काढल्या. चौथीवर झाक नव्हती. मग एक रुंद फळी काढून दोन्ही कडांची जाडी मोजली. फरक आला तर तो बहुधा रोलरचा नसून हेडचा असतो, ते वेगळं प्रकरण आहे. फळीच्या दोन्ही टोकांना दोन-अडीच इंचात किंचित जास्त कापलं गेलेलं दिसेल. तिथे फळी एकाच रोलरच्या ताब्यात असते, दुसरं टोक लोंबतं, म्हणून हा खड्डा. नवे रोलर तो कमी करतात, घालवत नाहीत. फळीला पुढे-मागे हाताचा आधार द्या, किंवा लांबी आधीच पाच इंच जास्त ठेवा.

मग ती फणसाची फळी घेतली. रोलरने तिला माझ्या हातातून काढून घेतलं. हा शब्द मी विचार करून लिहितोय. गेली दोन वर्षं मी फळी ढकलत आलो होतो आणि ती ओढली जायची असते हे विसरलोच होतो. आवाजही एकसारखा, शेवटपर्यंत. काळा पट्टा जायला चार फेरे लागले, टेबलाची फळी ठरवल्यापेक्षा दोन मिलिमीटर पातळ झाली.

आता तीन सवयी लावून घेतल्या आहेत. वखारीतून आलेल्या फळीवर तारेचा ब्रश मारल्याशिवाय ती मशीनमध्ये घालत नाही, कारण रबर लाकडाने कमी आणि लाकडावरच्या मातीने जास्त झिजतं. अरुंद पट्ट्या आळीपाळीने डावीकडून आणि उजवीकडून घालतो. आणि काम संपलं की फळी आत अडकवून जात नाही, हेड वर घेऊन ठेवतो. रात्रभर एकाच जागी दाबून राहिलेलं रबर तिथे चपटं होतं आणि मग प्रत्येक फेऱ्याला फळीवर टकटक उमटते.

मागवलेले कंपनीचे रोलर दीड महिन्याने आलेच. ते कागदात गुंडाळून, अंधाऱ्या कपाटात, दांड्यांना तेलाचा हात देऊन, आडवे न ठेवता टोकांवर टेकवून ठेवले आहेत. पुढच्या वेळी हे चढतील आणि उद्यमनगरवाले दांडे पुन्हा रबर चढवायला जातील, मशीन बंद न ठेवता.